एक आकाश, दोन मालक

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेकडे विमानेही भरपूर होती आणि वैमानिकही. युद्धात बॉम्बफेकी विमाने उडवलेली माणसे विमान कंपन्यांच्या नोकरीत शिरली. डग्लस आणि लॉकहीडची चार इंजिनांची विमाने या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत प्रवासी नेऊ लागली आणि रेल्वेने काही दिवसांचा असलेला प्रवास काही तासांवर आला. त्याच सुमारास कोरियात युद्ध पेटले. हवाई दलाला आता जेट विमाने उडवणारे तरुण हवे होते, तेही लवकर आणि मोठ्या संख्येने. शिकाऊ वैमानिक आणि प्रवासी विमाने दोन्ही वाढली. आकाश मात्र तेवढेच राहिले.

नेव्हाडाच्या वाळवंटात हे दोघे समोरासमोर आले. हवाई दलाला ते वाळवंट हवेच होते. वस्ती विरळ, वर्षातले बहुतेक दिवस ऊन आणि गोळीबाराच्या सरावाला मैलोनमैल मोकळी जमीन. लास व्हेगस शहराला खेटून असलेला नेलिस हवाई तळ लढाऊ वैमानिकांची मोठी शाळा बनला. विमान कंपन्यांना वाळवंटाशी काही देणेघेणे नव्हते, पण लॉस एंजलिसहून पूर्वेकडे जाणारा सोयीचा हवाई मार्ग नेमका तिथूनच जात होता. हवा इतकी स्वच्छ की वाद घालायचे कुणाला सुचलेच नाही. सगळ्यांना सगळे दिसत होते ना!

त्या काळचा नियमच तसा होता. ढगात किंवा धुक्यात उडायचे असेल तर वैमानिकाने नागरी नियंत्रण केंद्राला मार्ग, उंची आणि वेळ कळवायची, मग केंद्र त्याच्यासाठी आकाशाचा एक तुकडा राखून ठेवी. हवा स्वच्छ असेल तर कुणाला काही कळवण्याची सक्ती नव्हती. प्रत्येकाने डोळे उघडे ठेवायचे आणि समोरचा दिसला की बाजूला व्हायचे. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने उडणाऱ्या लाकडी-कापडी विमानांच्या काळात हा नियम रुजला होता आणि तेव्हा तो शहाणपणाचाही होता.

त्यात आणखी एक मेख होती. नागरी केंद्र एका विमानाला दुसऱ्यापासून दूर ठेवायचे ते फक्त त्याच्या यादीतल्या विमानांपुरते. जे नजरेच्या भरवशावर उडत होते ते त्याच्या हिशेबातच नव्हते. हवाई दलाची बहुतेक सरावाची उड्डाणे अशीच असत. त्यांच्यावर तळाचे स्वतःचे नियंत्रण कक्ष देखरेख ठेवीत, आणि या कक्षांचा नागरी केंद्राशी रोजचा संवाद नव्हता. एकाच घाटात दोन आगारांच्या गाड्या धावाव्यात आणि एका आगाराला दुसऱ्याचे वेळापत्रक माहीत नसावे, तसा हा कारभार. दिशादर्शनाची यंत्रणासुद्धा वेगवेगळी होती. नागरी खात्याने एक पद्धत उभी केली, लष्कराने ‘टॅकन’ नावाची दुसरी, आणि कुणाची ठेवायची यावर वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षे भांडण चालले. शेवटी दोन्हींचे भाग जोडून तडजोड करावी लागली.

पहिला मोठा हिसका बसला त्यात लष्कराचा संबंध नव्हता. ३० जून १९५६ रोजी लॉस एंजलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने दोन प्रवासी विमाने उडाली, टीडब्ल्यूएचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि युनायटेडचे डीसी-७. पेंटेड डेझर्ट नावाच्या पट्ट्यावर आपण १० वाजून ३१ मिनिटांनी पोहोचू, असे दोघांनीही कळवले होते. दोघांचीही उंची होती २१,००० फूट. सॉल्ट लेक सिटीच्या नियंत्रकासमोर दोन्ही नोंदी होत्या, पण त्याने कुणालाच सावध केले नाही. त्या भागातल्या आकाशावर नियंत्रणच नव्हते, त्यामुळे सावध करणे त्याच्या कामात बसत नव्हते. ग्रँड कॅन्यनवर दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि १२८ माणसे गेली. त्या नियंत्रकाला दोष देणे सोपे आहे, पण त्याने नियमपुस्तिकेतली एकही ओळ मोडली नव्हती. दोष पुस्तिकेचा होता.

सात महिन्यांनी, ३१ जानेवारी १९५७ रोजी, लॉस एंजलिसजवळच्या पकोइमा गावावर हवाई दलाचे एफ-८९ लढाऊ विमान आणि चाचणीसाठी निघालेले डग्लस कंपनीचे नवे डीसी-७ यांची टक्कर झाली. दोन्ही विमाने आपापल्या चाचणीत गुंतलेली होती. अवशेष एका शाळेच्या मैदानावर आणि आसपास कोसळले. आठ माणसे गेली, त्यांत मैदानावर असलेली तीन शाळकरी मुले होती. याच शाळेचा विद्यार्थी आणि पुढे गायक म्हणून गाजलेला रिची व्हॅलेन्स त्या दिवशी आजोबांच्या अंत्यविधीला गेल्यामुळे वाचला. दोन वर्षांनी त्याचा अंत विमान अपघातातच झाला.

सरकार हललेच नव्हते असे नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ईस्टमन कोडॅकचे एडवर्ड कर्टिस यांना आकाशाच्या व्यवस्थेचा आराखडा करायला बसवले होते. १९५७ मधल्या त्यांच्या अहवालाने संकट दारात उभे असल्याचे स्पष्ट सांगितले. नागरी आणि लष्करी दोन्ही वाहतुकीवर एकाच स्वतंत्र संस्थेचा अधिकार असावा, ही त्याची मुख्य सूचना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवाई मार्गांच्या आधुनिकीकरणासाठी एक मंडळ नेमले गेले. हे मंडळ नवी यंत्रे शोधू शकत होते. लष्कराच्या विमानाने कुठून उडावे हे सांगण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता. स्वतंत्र संस्थेची बाब सवडीने पुढे पाहू, असा एकूण रोख होता.

२१ एप्रिल १९५८ ला सकाळी साडेसातच्या सुमारास युनायटेडचे ७३६ क्रमांकाचे डीसी-७ लॉस एंजलिसहून निघाले. डेन्व्हर, कॅन्सस सिटी, वॉशिंग्टन करत ते न्यूयॉर्कला जाणार होते. आत ४२ प्रवासी आणि ५ कर्मचारी होते. प्रवाशांत क्षेपणास्त्रांच्या कामाशी संबंधित तज्ज्ञही होते. विमान नागरी नियंत्रणाखाली, नेमून दिलेल्या मार्गावर, २१,००० फुटांवर उडत होते. त्याने सगळे नियम पाळले होते.

थोड्याच वेळाने नेलिसहून एक एफ-१०० एफ ‘सुपर सेबर’ उडाले. हे दोन आसनांचे जेट. पुढे प्रशिक्षक, मागे शिकाऊ वैमानिक. बाहेर न पाहता केवळ उपकरणांवर विमान चालवण्याचा धडा होता, म्हणून शिकाऊ वैमानिकावर पडदा ओढलेला होता. बाहेर लक्ष ठेवणे प्रशिक्षकाकडे होते. त्याच वेळी शिष्याच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवणेही त्याच्याकडेच होते. धड्याचा एक भाग असा की २८,००० फुटांवरून, लास व्हेगसच्या ‘क्रॅम’ या रेडिओ केंद्राची खूण धरून, वेगाने खाली उतरत तळाकडे वळायचे. या उतरणीच्या वाटेत प्रवासी विमानांचा मार्ग आडवा येत होता. तळावर कुणी तो नकाशा कधी पाहिला नसेल, यावर विश्वास बसत नाही.

साडेआठच्या सुमारास दोघांची गाठ पडली. हवा लख्ख होती. दोन्ही विमाने जवळजवळ समोरासमोर येत होती आणि त्यांच्यातले अंतर ६६५ नॉट, म्हणजे ताशी १,२०० किलोमीटरहून जास्त वेगाने कमी होत होते. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे ३४० मीटर. पाच किलोमीटरवर दिसलेला ठिपका पंधराएक सेकंदांत अंगावर येतो. ठिपका दिसणार, ते विमान आहे हे उमगणार, ते आपल्याच दिशेने येतेय हे कळणार, हात हलणार आणि मग जड विमान वळणार, हे सगळे त्या पंधरा सेकंदांत बसवायचे. त्यातही डोळा फसतो तो आणखी एका कारणाने. आपल्याशी टक्कर होणार असलेले विमान काचेवर सरकत नाही, एकाच जागी राहून मोठे होत जाते. आपल्या नजरेला सरकणारी गोष्ट आधी दिसते. जे विमान सर्वांत धोक्याचे, ते सर्वांत उशिरा दिसते.

एकाचा उजवा पंख दुसऱ्याच्या उजव्या पंखाला धडकला. डीसी-७ च्या पंखाचे टोक तुटून गेले आणि विमान गिरक्या घेत खाली आले. दोन्ही विमानांतून मदतीच्या हाका ऐकू आल्या. युनायटेडच्या वैमानिकाने लास व्हेगसवर हवेत टक्कर झाल्याचे कळवले, एवढा अवधी त्याला मिळाला. ४७ आणि २ अशी ४९ माणसे गेली. अवशेष शहराच्या नैऋत्येकडच्या ओसाड वाळवंटात पडले म्हणून जमिनीवर कुणी दगावले नाही. आज त्या भागात घरांच्या रांगा आहेत.

चार महिन्यांनी नागरी विमान मंडळाचा अहवाल आला. त्याने दोन्ही वैमानिकांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला नाही. जवळ येण्याचा प्रचंड वेग, त्या उंचीवर मानवी नजरेच्या मर्यादा आणि कॉकपिटमधून दिसणारे अपुरे दृश्य, हे कारण. आणि दुसरे असे की टकरीचा धोका ठाऊक असूनही नेलिसच्या अधिकाऱ्यांनी आणि नागरी प्रशासनाने तो कमी करण्यासाठी शक्य ते सगळे केले नाही. सरकारी अहवालाच्या मवाळ भाषेत हा फार मोठा आरोप आहे. रोज सकाळी एक संस्था ज्या मार्गावर प्रवासी पाठवत होती, त्याच मार्गात दुसरी संस्था शिकाऊ जेट सोडत होती. दोघींच्या मध्ये टेलिफोन होता, तो उचलण्याची प्रथा नव्हती.

अहवाल यायच्या आधीच पुढचा अपघात झाला. २० मे १९५८ ला, म्हणजे लास व्हेगसनंतर २९ दिवसांनी, मेरीलँडमधल्या ब्रन्झविक गावाजवळ कॅपिटल एअरलाइन्सच्या व्हायकाउंट विमानाला एअर नॅशनल गार्डचे टी-३३ हे सरावाचे जेट धडकले. व्हायकाउंट पिट्सबर्गहून बाल्टिमोरला चालले होते आणि नियंत्रणाखाली होते. जेट नजरेच्या भरवशावर उडत होते. मागून पुढे जाताना त्याने प्रवासी विमानाला धडक दिली. व्हायकाउंटमधली सर्व ११ माणसे आणि जेटमधला एक प्रवासी, असे १२ जण गेले. जेटचा वैमानिक हवाई छत्रीने वाचला. मृतांची संख्या लास व्हेगसपेक्षा बरीच कमी होती, पण हे ठिकाण वॉशिंग्टनच्या उंबरठ्यावर होते. नेव्हाडातल्या अपघाताने जे झाले नाही ते मेरीलँडमधल्या अपघाताने एका रात्रीत केले.

दुसऱ्याच दिवशी, २१ मे रोजी, ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांनी स्वतंत्र हवाई संस्थेचे विधेयक मांडले. विधेयक एका रात्रीत लिहून होत नाही. ते तयार होते, फक्त पुढे सरकत नव्हते. व्हाइट हाउसनेही तातडीचे उपाय जाहीर केले. हवाई मार्गांत २०,००० फुटांखाली उडणाऱ्या लष्करी जेटनी उपकरणांच्या नियमांनी, म्हणजे नियंत्रकाला कळवूनच उडायचे, आणि सरावासाठी उंचावरून थेट मार्गांमधून झेपावणे बंद. जूनच्या मध्यापासून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या काही मोजक्या मार्गांवर १७,००० ते २२,००० फुटांच्या पट्ट्यात नजरेच्या भरवशावर उडायला मनाई झाली. हवा कितीही स्वच्छ असो, तिथे नियंत्रकाच्या परवानगीशिवाय शिरायचे नाही.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी आयझेनहॉवर यांनी कायद्यावर सही केली आणि फेडरल एव्हिएशन एजन्सी जन्माला आली. आकाश कुणी, कधी आणि कसे वापरायचे हे ठरवण्याचा अधिकार एका नागरी प्रमुखाकडे आला, लष्करी विमानांबाबतसुद्धा. लष्कराने स्वतःसाठी एक खिडकी ठेवून घेतली. तातडीची संरक्षणविषयक गरज असेल तर नियमांबाहेर जाता येईल, मात्र आधी कळवावे लागेल. तडजोड होती, पण मालक कोण हे ठरले.

पहिला प्रमुख निवडताना आयझेनहॉवर यांनी धूर्तपणा केला, असे मला वाटते. एल्वुड ‘पीट’ केसाडा हा हवाई दलाचा निवृत्त लेफ्टनंट जनरल. नॉर्मंडीच्या लढाईत त्याने लढाऊ विमानांचा ताफा चालवला होता, आणि ४ जुलै १९४४ ला खुद्द आयझेनहॉवर यांना एका पी-५१ विमानात मागे बसवून आघाडीवरून फिरवून आणले होते. कायदा म्हणत होता की प्रमुख नागरी माणूसच हवा, म्हणून केसाडाला आपला लष्करी दर्जा सोडावा लागला. हवाई दलाच्या सेनापतींना ‘नाही’ म्हणायचे तर त्यांच्यातलाच कुणीतरी खुर्चीत हवा होता. ३१ डिसेंबर १९५८ ला संस्थेचे काम सुरू झाले. हळूहळू रडार सामायिक झाले, परवानगीचा पट्टा रुंदावत गेला. आज अमेरिकेत १८,००० फुटांच्या वरच्या हवाई वाहतुकीत नजरेच्या भरवशावर उडण्याची सोय उरलेली नाही.

त्या १८,००० फुटांच्या खाली मात्र जुनी व्यवस्था बऱ्याच अंशी शिल्लक राहिली. ६ जून १९७१ ला लॉस एंजलिसच्या उत्तरेकडच्या डोंगरांवर ह्यूजेस एअरवेस्टचे डीसी-९ आणि मरीन दलाचे एफ-४ फँटम १५,००० फुटांच्या किंचित वर धडकले आणि ५० माणसे गेली. फँटमचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणारे उपकरण, बंद पडलेला होता आणि ते नजरेच्या नियमानेच तळाकडे परत चालले होते. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत, ३० जुलैला, जपानमध्ये शिझुकुइशी गावावर ऑल निप्पॉनच्या बोइंग ७२७ ला एका शिकाऊ वैमानिकाचे एफ-८६ धडकले. १६२ माणसे गेली. शिकाऊ वैमानिक बाहेर पडून वाचला. प्रशिक्षक दुसऱ्या विमानातून पुढे होता, आणि त्याच्या मागे मागे शिकाऊ प्रवासी मार्गात शिरला होता. जपानच्या संरक्षण खात्याच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. न्यायालयाने शिकाऊ वैमानिकाला निर्दोष सोडले आणि प्रशिक्षकाला दोषी धरले. जपानने यानंतर सरावाची क्षेत्रे आणि प्रवासी मार्ग काटेकोरपणे वेगळे केले.

अमेरिकेने तेवढे टोक गाठले नाही. तिथे सरावासाठी आकाशाचे मोठे तुकडे नकाशावर आखलेले असतात. त्यांतल्या काहींत नागरी विमानांना पूर्ण मनाई आहे. पण ‘मिलिटरी ऑपरेशन्स एरिया’ म्हणून आखलेल्या क्षेत्रात छोट्या खाजगी विमानाचा वैमानिक परवानगी न मागता शिरू शकतो. आत लढाऊ विमाने कोलांट्या मारत असली तरी! जाण्याआधी रेडिओवर चौकशी करावी, असा सल्ला असतो. सल्ला, सक्ती नव्हे. अलास्कासारख्या राज्यात अनेक गावांना रस्ताच नाही, छोटे विमान हीच तिथली गाडी. तिथे सरसकट मनाई करणे अन्याय ठरेल, हेही खरे.

आपल्याकडची कथा थोडी वेगळी आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ धडकले आणि ३४९ माणसे गेली. थेट चूक कझाक विमानाची होती, कारण नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली ते उतरले. पण येणारी आणि जाणारी विमाने एकाच वाटेवर समोरासमोर का होती? दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखीव होते आणि नागरी विमानांच्या वाट्याला एकच मार्गिका आली होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारे उपकरण विमानांवर सक्तीचे झाले. काही विमानतळ तर लष्कराचेच आहेत. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे. तिथे नियंत्रणही लष्कराचेच असल्याने निदान एकाच खोलीतून दोन्ही प्रकारची विमाने दिसतात. त्याची किंमत प्रवासी वेळापत्रकात मोजतात. नौदलाच्या सरावामुळे दाबोळीवर सकाळच्या ठरावीक वेळा नागरी विमानांना वर्षानुवर्षे बंद राहिल्या. गोव्यात मोपाचा दुसरा विमानतळ उभा राहिला त्यामागे हेही एक कारण होते.

अमेरिकेत नजरेच्या नियमाचा प्रश्न दोनदा पुन्हा उभा राहिला. ७ जुलै २०१५ ला साउथ कॅरोलायनात सरावाला निघालेले एफ-१६ एका छोट्या सेस्नाला धडकले. सेस्नातले दोघे गेले, लढाऊ वैमानिक बाहेर पडून वाचला. समोरचे विमान दिसत नसेल तर वळ, असे नियंत्रकाने त्याला सांगितले होते, आणि तो ते शोधत राहिला. चौकशी अहवालात नजरेवर विसंबण्याच्या मूळच्या मर्यादांचा उल्लेख आहे, जवळजवळ १९५८ च्याच शब्दांत.

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ, पोटोमॅक नदीवर, उतरणाऱ्या प्रवासी विमानाला लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर धडकले. ६७ माणसे गेली. हेलिकॉप्टर सरावाच्याच उड्डाणावर होते, आतल्या वैमानिकाची वार्षिक परीक्षा चालू होती. समोरचे विमान दिसते का, असे नियंत्रकाने विचारले होते. दिसते, आम्हीच अंतर राखतो, असे उत्तर आले. नदीवरच्या त्या मार्गावर हेलिकॉप्टरला २०० फुटांची मर्यादा होती आणि ते त्याहून वर होते. पण मर्यादा पाळली असती तरी त्या धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानापासून वरखाली अंतर काही जागी जेमतेम ७५ फूट उरत होते. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात याच विमानतळाच्या परिसरात प्रवासी विमाने आणि हेलिकॉप्टरे एकमेकांच्या धोकादायक जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी सापडल्या. ही माहिती १९५८ मध्ये जन्मलेल्या त्याच हवाई संस्थेच्या दप्तरात होती. मार्च २०२५ मध्ये संस्थेने नदीवरच्या त्या हेलिकॉप्टर मार्गाचा विमानतळालगतचा भाग कायमचा बंद केला.